नक्शा पास, धूरही पास

2023 च्या फेब्रुवारीत जबलपुरातल्या हॉटेलवाल्यांना नोटिसा गेल्या. तंदुरात लाकूड-कोळसा जाळू नका, इलेक्ट्रिक ओव्हन लावा नाहीतर गॅस वापरा, ऐकलं नाही तर पाच लाखांपर्यंत दंड. ‘मध्य प्रदेशात तंदुरी रोटीवर बंदी’ असे मथळे देशभर झळकले. आमचं बालाघाट जबलपूर विभागातच येतं, म्हणून ती बातमी आमच्या घरचीच होती. कोळशाचा धूर वाईट आहे यात मला तिळमात्र शंका नाही, आणि बंद खोलीत तंदुरासमोर दिवसभर उभा राहणारा पोरगा तो धूर सगळ्यात आधी गिळतो हेही मला माहीत आहे. तरीही त्या नोटिसांचा मला संताप आला. रोटीवाल्याला इंधनाचा नियम शिकवायला सरकारला अडचण येत नाही. त्याच शहरात कोट्यवधींची इमारत उभी करणाऱ्याला मात्र ‘ही इमारत तू कशावर चालवणार?’ एवढं विचारायला सगळ्यांची जीभ अडखळते.

आमच्या गावात गेल्या काही वर्षांत काय काय उभं राहिलं ते बघा. गोंदिया रोडला मंगल कार्यालयं आणि लॉन, हनुमान चौक ते काली पुतळी चौक काचेच्या दर्शनी भिंतींची शोरूमं, गल्लीबोळात नर्सिंग होम, कोचिंगवाल्यांची हॉस्टेलं. यातल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या कुशीला एक हिरवी किंवा पिवळी पेटी आहे. डिझेल जनरेटर. इमारत मंजूर झाली तेव्हा ती पेटी कागदावर कुठेच नव्हती. फरशा बसल्या, रंग झाला, उद्घाटनाची तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी ती ट्रकमधून उतरली. जागा कुठे? जिथे उरली तिथे. बहुतेक वेळा पार्किंगसाठी नक्श्यावर दाखवलेल्या जागेत, शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून.

लग्नसराईत रात्री नऊला कुठल्याही लॉनच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. साठ-बासष्ट केव्हीएचा जनरेटर चांगल्या लोडवर चालला की तासाला दहा-अकरा लिटर डिझेल पितो. एक लिटर जळालं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऑपरेटर कॅन तिरपा करून टाकीत डिझेल ओततो, थोडं खाली सांडतं, त्यावर माती टाकतो. एक्झॉस्टचा पाइप हातभर बाहेर येऊन वाकवलेला असतो आणि त्याचं तोंड असतं थेट मागच्या वस्तीकडे. कंपाउंडच्या भिंतीवर पाइपासमोर काळा डाग पडलेला असतो, दरवर्षी चुना मारूनही तो पुन्हा उमटतो. त्या भिंतीपलीकडे राहणारी माणसं मे महिन्याच्या उकाड्यात खिडक्या लावून बसतात. पुढे हजार माणसं जेवतात, मागे चार घरं श्वास कोंडून पडतात. नर्सिंग होमच्या गल्लीत तर याहून वाईट. धुराचं तोंड जिथे उघडतं तिथेच पेशंटचे नातेवाईक सतरंजी टाकून डबा सोडतात. आत छातीच्या आजारावर उपचार चालू, आणि त्याच पेशंटच्या आईच्या ताटावर बाहेर डिझेलची काजळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 च्या जूनमध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पुराव्यानिशी सिद्ध असलेल्या गोष्टींच्या यादीत, तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीला. ही माहिती डॉक्टरांना नवी नाही. म्हणूनच त्यांच्याच दवाखान्यांनी गल्लीत पाइप सोडले आहेत हे अक्षम्य आहे.

नियम नाहीत का? आहेत, आणि अगदी नेमके आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जनरेटरच्या धुराड्याची किमान उंची ठरवून दिली आहे. जनरेटर जिथे ठेवलाय त्या इमारतीची उंची घ्या, जनरेटरच्या केव्हीएचं वर्गमूळ काढा, त्याला 0.2 ने गुणा आणि तेवढे मीटर वर चढा. शंभर केव्हीएचा जनरेटर आणि बारा मीटरची इमारत असेल तर धूर चौदा मीटरवर सुटला पाहिजे, म्हणजे छताच्याही दोन मीटर वर. सातवीतलं पोरगं हे गणित मांडेल. मोठ्या शहरांत कोणी ते करतं की नाही यावर मी बोलणार नाही. मी माझ्या गावाचं बोलतो. चौदा मीटरचं धुराडं दाखवा म्हटलं तर मला छातीच्या उंचीचे पाइप दिसतात. 1 जुलै 2023 पासून नव्या जनरेटरसाठी धुराचे आणखी कडक मापदंड आले. ते कंपनीतून निघणाऱ्या नव्या इंजिनाला लागू. आमच्या लॉनवर भाड्याने येणारा जनरेटर तीन गावं फिरून आलेला, दहा वर्षांचा जुना. त्याला कोण अडवणार?

नक्शा पास करायला जा. मध्य प्रदेशात सगळी परवानगी एबीपास या ऑनलाइन यंत्रणेतून होते. प्लॉट केवढा, समोरचा रस्ता किती रुंद, एफएआर म्हणजे चटईक्षेत्राचं प्रमाण किती, पुढे-मागे किती सोडलं, पार्किंग किती, सगळं तपासतात. पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था करणार म्हणून 140 चौरस मीटरवरच्या प्लॉटवाल्याकडून अनामत रक्कम भरून घेतात. व्यवस्था करून दाखवली की ती परत मिळते. लोक काय करतात? खड्डा खणण्यापेक्षा अनामत सोडून देतात. घराच्या खर्चात ती रक्कम आधीच धरलेली असते. नियम होता, हेतू चांगला होता, आणि पैसे भरून तो विकत घेता आला. म्हणून इंधनाचा नियम करताना अनामत नावाची पळवाट नको, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पूर्णत्वाचा दाखला अडवा. वीज जोडणीचा लोड मंजूर करण्याआधी अडवा. खिशाला चिमटा बसला तर मोठा माणूस तो सहन करतो. काम थांबलं तर तो रात्रीतून मिस्तरी बोलावतो.

इमारतीच्या बाबतीत उशीर का परवडत नाही, हे ज्याने घर बांधलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. गाडी दहा वर्षांनी बदलते, मोबाईल तीन वर्षांनी. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते आणि तिच्या भिंतीत आज जे पुरलं जातं तेच तिच्या नशिबी येतं. स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा पॉइंट आणि चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार बांधकामाच्या वेळी टाकली तर खर्च किरकोळ आहे. तीच तार नंतर टाकायची तर टाइल्स फोडा, प्लास्टर करा, रंग करा. मग माणूस म्हणतो, राहू दे, सिलिंडरच बरा. छताचंही तसंच. पाण्याची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात चढवली की हिवाळ्यात तिची सावली अर्ध्या गच्चीवर पडते आणि सोलर पॅनल लावायची जागाच मरते. टाकी उत्तरेला घ्या, एवढं एक वाक्य नक्श्यावर लिहायला नगरपालिकेला एक पैसा लागत नाही. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते. गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत सोडून ठेवायला किती लागतं? ज्या मिस्तरीला विचाराल तो हसेल इतकं कमी.

दिल्लीत कायदे होतात, मग इथे वेगळा नियम कशाला, असं कोणी म्हणेल. ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. इमारतींच्या संहितेत निवासी इमारतीही आल्या. पण ती संहिता लागते 100 किलोवॅट जोडलेल्या लोडच्या किंवा 120 केव्हीए मागणीच्या वर. भोपाळ-इंदूरच्या मॉलला हे माप ठीक आहे. बालाघाटात इतक्या लोडच्या इमारती बोटांवर मोजाव्या लागतील. आमचं नर्सिंग होम, आमचं हॉस्टेल, आमचा लॉन त्या चाळणीतून सरळ खाली पडतो. राज्याला ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. आणि राज्य हललं नाही तरी नगरपालिकेचे हात बांधलेले नाहीत. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. त्यात इमारतींच्या बांधकामाचं नियमन नगरपालिकांच्या कामांत आहे, पर्यावरणाचं रक्षणही आहे. मध्य प्रदेशच्या 1961 च्या नगरपालिका अधिनियमात उपविधी करण्याची वाट आहे. ठराव करा, मसुदा प्रसिद्ध करा, हरकती घ्या, शासनाकडे पाठवा. आमच्या पार्षदांना ठराव करता येत नाही असं नाही. चौकाला कोणाचं नाव द्यायचं यावर ते तासन्‌तास भांडतात. गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या फुप्फुसावर एक बैठक घालवायला काय हरकत आहे?

आता बाहेर काय झालं ते नीट बघू, कारण आंधळी नक्कल मलाही नको. 2019 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नव्या इमारतींना गॅसची पाइपलाइन जोडायची नाही असा नियम केला. अमेरिकेतला तो पहिला. हॉटेल चालकांची संघटना कोर्टात गेली. 2023 च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने नियम उडवला, कारण उपकरणांच्या ऊर्जावापराचा विषय केंद्रीय कायद्याच्या हद्दीत जातो. 2024 मध्ये शहराने नियम मागे घेतला. बर्कलीच्याही आधी, 1 जुलै 2018 पासून, नेदरलँड्सने नव्या घरांना गॅस जोडणं थांबवलं होतं. तो देशाचा कायदा होता, म्हणून टिकला. न्यूयॉर्कने 2021 मध्ये वाट बदलली. गॅसचं नाव घेण्याऐवजी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कार्बन सोडणारं इंधन नव्या इमारतीत जाळायचं नाही असं लिहिलं, लहान इमारतींना 2024 पासून आणि उंच इमारतींना 2027 पासून. यातून आमच्या नगरपालिकेने शिकायचं ते एवढंच, की आपल्या अधिकाराच्या हद्दीत राहून, नेमक्या शब्दांत आणि तारखा देऊन लिहा. ढिसाळ लिहिलेला नियम पहिल्याच वकिलाच्या हातून मरतो.

पण तिथला शत्रू इथे आणून बसवायचा नाही. तिकडे गॅस जळतो तो मुख्यतः घर गरम ठेवायला. आमच्या जिल्ह्यात बैहर, परसवाड्याकडच्या गावांत बाई आजही जंगलातून मोळी आणते आणि चुलीपुढे डोळे चोळते. 2016 च्या मेमध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात पोचला, पण पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून तो अनेक घरांत कोपऱ्यात उभा आहे. त्या बाईला गॅस मिळणं ही तिची धुरातून सुटका आहे. तिच्या शेगडीला हात लावणाऱ्या नियमाला मी स्वतः आडवा येईन. जो नियम खालून वर सुरू होतो, तंदुरवाल्यापासून, चुलीपासून, तो मुळातच अन्याय आहे. इंधनाचा नियम वरून सुरू झाला पाहिजे. ज्याचा प्लॉट मोठा, ज्याचा लोड मोठा, ज्याचं बांधकाम आज सुरू व्हायचंय, त्याच्यापासून.

मुंबईत 9 जानेवारी 2025 ला उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं, आणि त्याच आदेशात एक शहाणपणाची गोष्ट होती. नव्या बेकरीला परवाना द्यायचा तो स्वच्छ इंधनाच्या अटीवरच. जुन्याला मुदत आणि नव्याला अट, एवढं साधं तत्त्व आहे. बेकरीच्या भट्टीला ते लागतं, मग चार मजली हॉटेलला का नाही? आणि लांब मुंबईला तरी कशाला जायचं. रजेगावचा पूल ओलांडला की गोंदिया. तिथे महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, डिसेंबर 2020 ची. त्यात दवाखाने, हॉटेलं, हॉस्टेलं अशा नव्या इमारतींसाठी सौर ऊर्जेवर पाणी तापवण्याची तरतूद आहे. पुण्यात सोलर लावणाऱ्याला घरपट्टीत सूट मिळते. गोंदियात त्या नियमावलीचं पालन किती होतं हा वेगळा वाद. पण निदान कागद तरी नागरिकाच्या बाजूने आहे, तो हातात घेऊन भांडता येतं. आमच्याकडे नागरिक भांडायला गेला तर त्याच्या हातात काय असतं? खोकल्याची बाटली.

आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यातला पहिला खरा आहे: वीज जाते. पावसाळ्यात झाड पडतं, फीडर बसतो, तासन्‌तास अंधार. मान्य. मग बॅकअप कशाला हवा ते आधी ठरवा. ऑपरेशन थिएटर, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, लिफ्ट, आगीचा पंप, लसींचा फ्रिज. एवढ्याला अखंड वीज हवी, आणि त्यासाठी डिझेल ठेवावं लागलं तर ठेवा, धुराडं नियमाप्रमाणे छताच्या वर नेऊन. पण आज जनरेटरचं माप ठरतं ते रिसेप्शनच्या एसीवर, दर्शनी फलकाच्या दिव्यांवर, लॉनच्या झुंबरांवर. काचेची पश्चिममुखी भिंत बांधायची, मे महिन्यात आतली भट्टी थंड करायला दहा एसी लावायचे, आणि लाईट गेली की त्या दहा एसींसाठी गल्लीत डिझेल जाळायचं. ही गरज वास्तुविशारदाने निर्माण केली आहे. ती नक्श्यावरच थांबवता येते.

पैशाचं गणितही सरळ आहे. जनरेटर एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिट देतो. डिझेल लिटरला नव्वदच्या वर. म्हणजे युनिट पडलं पंचवीस ते तीस रुपयांना, ग्रिडच्या व्यापारी दराच्या तिपटीच्या आसपास. छतावर सोलर आणि खाली बॅटरी घेणारा मालक मुद्दल काढतो. डिझेलवाला काढत नाही, तो बिल लग्नवाल्याच्या आणि पेशंटच्या खात्यावर टाकतो. घरासाठी तर 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. पैसा नाही ही सबब मोठ्या इमारतीच्या तोंडी शोभत नाही.

दुसरा आक्षेप शहाणे लोक घेतात: वीज तरी कोळशाचीच ना? गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला 3300 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र धगधगतंय. बरोबर. पण देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे आज साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि डिझेलच्या एका युनिटमागे त्याहून कमी नाही, थोडा जास्तच. तिरोड्याची राख पकडायला तिथे यंत्रं आहेत, धुराडं आभाळात आहे. लॉनच्या जनरेटरला यातलं काहीच नाही आणि त्याचा धूर माणसाच्या नाकाच्या पातळीवर सुटतो. शिवाय ग्रिड बदलतो. आमच्याच राज्यात रीव्याला 750 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, त्यातली काही वीज दिल्ली मेट्रो घेते. ग्रिड स्वच्छ झाला की त्याला जोडलेली इमारत भिंतीला हात न लावता आपोआप स्वच्छ होते. डिझेलचं इंजिन मरेपर्यंत डिझेलच जाळतं. ज्या जिल्ह्याच्या मलाजखंडातून देशातल्या खाणींचं बरंचसं तांबं निघतं, ज्या तांब्याच्या तारांतून घराघरांत वीज फिरते, त्या जिल्ह्याच्या मुख्य गावात नवी इमारत अजून डिझेलच्या पेटीवर विसंबून उभी राहते, याची मला लाज वाटते.

तेव्हा नगरपालिकेने लिहावं ते असं. पाचशे चौरस मीटरवरच्या प्रत्येक नव्या व्यापारी, संस्थात्मक आणि मंगल कार्यालयाच्या इमारतीने नक्श्यासोबत एक पानाचा ऊर्जा आराखडा द्यावा: लोड किती, बॅकअप कशाला आणि कितीचा, पाणी कशावर तापणार, स्वयंपाक कशावर होणार. पाणी तापवायला सूर्य किंवा वीज. नव्या व्यापारी स्वयंपाकघरात कोळसा नाही. जीवरक्षक गोष्टी वगळता डिझेलचा बॅकअप नाही, आणि भाड्याने आणलेला जनरेटरही त्यातच धरावा, नाहीतर सगळे लॉन दुसऱ्या दिवशी भाड्यावर जातील. छताचा निम्मा भाग सावलीमुक्त. नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची जाड तार सक्तीची, शेगडी कोणती घ्यायची ते घरच्या बाईवर सोडा. लहान प्लॉटवाल्याला, ज्याचं आयुष्यात एकच घर होणार आहे, सक्ती नको, घरपट्टीत सूट द्या. जुन्या इमारतींना धुराडं वर न्यायला एक वर्ष. आणि हे सगळं आधी नगरपालिकेच्या स्वतःच्या नव्या इमारतींना लागू करा, टेंडरच्या अटीतच.

एक गोष्ट मसुद्यात पहिल्या दिवसापासून हवी. नियम येणार अशी कुणकुण लागली की मोठे लोक घाईघाईने अर्ज टाकून ठेवतात आणि मग पुढची पाच वर्षं जुन्या नियमावर बांधत राहतात. म्हणून मसुदा ज्या दिवशी प्रसिद्ध होईल त्या दिवसानंतर आलेला प्रत्येक अर्ज नव्या अटींवरच मंजूर होईल, हे मसुद्यातच लिहा. मंजुरी मिळालेल्या पण जोत्याच्या वर न गेलेल्या बांधकामांनाही ऊर्जा आराखडा द्यायला लावा. हरकतींसाठी तीस दिवस ठेवा, आणि सुनावणी लॉनच्या मागच्या वस्तीत घ्या, रात्री नऊ वाजता.